आहे तसा रंग

नगरच्या एका दुकानात मी आमच्या महिला संघटनेसाठी स्वस्तातला कॉम्प्युटर बघायला गेले होते. तिथे तिसगावची एक फोटो स्टुडिओवाली बाई भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रत्येक मॉनिटरवर ती एकाच मुलीचा फोटो उघडायला लावायची आणि स्वतःचं मनगट शेजारी धरून बघायची. मुलगी तिचीच होती, रंगही आईचाच.

"बघा मावशी, कसला चकचकीत दिसतोय फोटो!" दुकानदार म्हणाला.

"चकचकीत नगं. हाय तसा रंग दाव."

मग हलक्या आवाजात तिने मला सांगितलं. जुना मॉनिटर अंधूक झाला होता. त्यावर स्थळासाठीचा फोटो ती उजळवत गेली आणि प्रिंट गोरीपान निघाली. बघायला आलेल्यांनी पोहे खाल्ले आणि पोरीसमोरच विचारलं, "फोटोतली मुलगी कुठंय?" आता दुसऱ्या स्थळाला फोटो पाठवायचा होता.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, खोट मॉनिटरमध्ये नाही, त्या लोकांच्या नजरेत आहे!" पत्रकात लिहावं तसं मी ठणकावलं.

"व्हय गं बाई. पन नजर बदलून देनारं दुकान कुठं हाय? आसंल तर सांग, हितनं थेट तिकडंच जाते."

दुकानदार हसला. ती हसली नाही. शेवटी तिने सगळ्यात साधा मॉनिटर घेतला. तो खोक्यात भरला जात असताना तिने मला विचारलं, "आता तरी पोरीला कुनी तसं इचारनार न्हाई ना?"

सभेत मी कुणालाही हार जात नाही. तिथे मात्र "नाही विचारणार" असं म्हणायच्या ऐवजी मी खोक्याची एक बाजू उचलली.