सहावं बोट

पोखरलेल्या चंद्राच्या पोटात बसून अर्ध्या आकाशावर राज्य करणाऱ्या महागुरूला पाय नव्हते. चित्रकथेच्या वाचकांना वाटायचं, ही त्याची सिद्धी असणार. खरी गोष्ट अशी, की त्याचं चित्र काढणाऱ्या मास्तरांना पाय काढायचा मनापासून कंटाळा होता, म्हणून महागुरूच्या कमरेखाली बारा महिने ढग. ते ढग काळे करायचं काम शाईकडे होतं.

शाई हे तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कामाच्या पहिल्याच दिवशी तिच्या हातून दौत लवंडली, तेव्हा मास्तर मान वर न करता म्हणाले, "ही शाई इथून उचला." ती फडकं घेऊन धावली. "दौतीचं नाही, तुझं बोलतोय," मास्तर म्हणाले. ती उठली नाही, फरशी पुसत राहिली. फरशी पुसून झाली तरी कुणी हाकललं नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. नोकरी लागली ती अशी. नाव तेवढं चिकटलं.

त्याआधी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. हात चांगला होता आणि शिडीवर चढायला भीत नव्हती. पण शाळेत असल्यापासून तिच्या डोक्यात एकच खूळ होतं: महागुरू आणि त्याचा शिष्य. दर महिन्याला महागुरू शिष्याची नवी परीक्षा घ्यायचा. 'या दोन दारांपैकी एकामागे हवा आहे, दुसऱ्यामागे नाही. तुझ्या मित्राला कुठल्या दारातून पाठवशील?' आणि शिष्य दर महिन्याला कपाळाला हात लावून विचार करायचा, 'मी नक्की कोण?' हा प्रश्न त्याला इतकी वर्षं सुटला नव्हता. सुटला असता तर मासिक कुणी घेतलं असतं?

मासिकाचं कार्यालय छापखान्याच्या वर होतं. पहिल्या मजल्यावर मास्तरांची खोली, दुसऱ्यावर मालकांची, मध्ये वळणाचा जिना आणि जिन्याच्या वळणावर एक खिडकी. मास्तरांच्या खोलीत दोन टेबलं. मोठं खिडकीशी, मास्तरांचं. दुसरं भिंतीकडे तोंड करून. मास्तर पेन्सिलीने पान काढायचे आणि शाई त्यावर बोरूने, ब्रशने पक्की रेघ ओढायची. सुरुवातीचा बराच काळ तिला रेघसुद्धा मिळाली नाही. नुसते तारे. दात घासायचा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवायचा आणि काळ्या कागदावर अंगठ्याने शिंपडायचा. "आकाश तुझ्याकडे," मास्तर म्हणाले होते. ऐकायला भव्य वाटतं. घरी गेल्यावर केसांतले तारे निघता निघत नसत.

मग रेघ मिळाली आणि रेघेबरोबर परीक्षाही. मास्तर पानात मुद्दाम एक चूक पेरायचे. शिष्याचा डाव्या गालावरचा व्रण उजव्या गालावर. एकाच सूर्याच्या ग्रहावर माणसाला दोन सावल्या. शाईने ती शोधायची, पण दुरुस्त करायची नाही. छपाईत न उमटणाऱ्या निळ्या पेन्सिलीने तिच्याभोवती गोल करायचा आणि पान मास्तरांच्या टेबलावर ठेवायचं. सापडली तर मास्तर म्हणायचे, "हं." नाही सापडली तर जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या परीक्षेत महागुरूच्या हाताला सहा बोटं होती. शाईने सहाही बोटांवर सुबक शाई केली, नखांसकट. मास्तरांनी ते पान चौकटीत घालून तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अगत्याने दाखवायचे. "आमच्या शाईचं काम. आज्ञाधारक आहे, डोळे तेवढे नाहीत."

वर आणखी, ते तिला जे बोलायचे ते पुढच्या महिन्यात महागुरूच्या तोंडी यायचं. 'तुझी भक्ती मला नको, तुझे डोळे हवेत.' हे आधी तिला ऐकवलेलं, मग तिनेच शाई केलेलं. आपल्याला पडलेल्या शिव्या आपल्याच हाताने वळणदार करायच्या, हा योग सगळ्यांच्या नशिबी येत नाही. तिला मास्तरांचा राग यायचा. जिन्यावरून उतरताना ती त्यांना रोज मनातल्या मनात चंद्रावरून ढकलून द्यायची. आणि ज्या दिवशी "हं" मिळायचा, त्या दिवशी घरी जाताना बसचं तिकीट काढायचंही विसरायची. तिचं त्यांच्यावर प्रेम होतं, वडिलांवर असतं तसं, आणि त्याचाही तिला राग यायचा.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस. "सोडून दे की," असं तो वर्षातून एकदा म्हणायचा आणि तिने "बघते" म्हटलं की परत जेवायला लागायचा.

असं करता करता तिच्या केसांत रंगाशिवाय दुसरंही पांढरं दिसू लागलं, तेव्हाची गोष्ट. एका पानात तिला तीन चुका सापडल्या. तीन कधीच नसायच्या. तिने तीन गोल केले. मास्तरांनी पान उचललं, मान तिरकी केली, कागद डाव्या डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "तिन्ही सापडल्या म्हणायच्या."

त्या संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "तुझे मास्तर आले होते दुकानात. पुन्हा. चष्मा चुकलाय म्हणतात."

"मग बदलून द्या."

"तीनदा दिला. चष्मा बरोबर आहे गं." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर मलाच म्हणाले, तुला डोळे नाहीत."

शाईच्या हातातला घास हातातच राहिला. त्या तीन चुका पेरलेल्या नव्हत्या.

पुढच्या पानात सात निघाल्या. शाईने सहा गुपचूप दुरुस्त केल्या आणि सातवीभोवती, जी मास्तर पेरतील अशी वाटत होती, तिच्याभोवती निळा गोल केला. इतक्या वर्षांत तिने नियम पहिल्यांदाच मोडला.

"हं," मास्तर म्हणाले. "एकच होती."

मग हेच चालू झालं. त्यांना कळत होतं की नव्हतं, हे तिला कळत नव्हतं. झाकली मूठ होती, ती तिने झाकलेलीच ठेवली. पण मालक काही दुधखुळे नव्हते. मास्तर जिन्याचा कठडा चाचपत उतरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शाईला वर बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. इतकं आदरातिथ्य झाल्यावर ती घाबरलीच.

"मास्तरांचा हात चालतोय तोवर मालिका त्यांची, असा शब्द माझ्या वडिलांनी दिलाय," मालक म्हणाले. "तो मी मोडणार नाही. पण हात कुणाचा चालतोय ते मला बघू दे. त्यांच्या पेन्सिलीचं एक पान आण. शाई न केलेलं. जसंच्या तसं. पुढची मालिका तुझ्या नावावर."

तिच्या नावावर. तिला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, शाळेत बाकाखाली मासिक धरून वाचायची तेव्हापासून हवं होतं. आठवडाभर तिला झोप लागली नाही, आणि नवऱ्यालाही तिने लागू दिली नाही.

त्यातच मास्तरांनी महागुरूची शेवटची परीक्षा काढायला घेतली. महागुरू आपला भाला शिष्याच्या हाती देतो आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. 'मार, नाहीतर जा. पण ठरव.' पान पुरं झालं तसं मास्तरांनी ते तिच्यापुढे ठेवलं.

"सावकाश बघ. घाई नाही," ते म्हणाले, चहाचा कप घेतला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून तिच्याकडे पाठ करून बसले.

शाईने पान न बघताच फाइलमध्ये घातलं आणि बाहेर पडली. पाय आपोआप वर चढू लागले. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी ती थांबली. दुसऱ्याचं घर बुडवायचं तर निदान नीट पाहून तरी बुडवावं, असा काहीतरी विचार असेल. तिने पान उजेडात धरलं.

पानावर निळे गोल होते. फिकट, थरथरते, काहींची टोकं जुळलेलीच नव्हती. व्रणाभोवती एक. सावलीभोवती एक. भाल्याच्या तुटक रेघेभोवती दोन, एकात एक. मास्तरांनी आपल्या चुका आपणच शोधल्या होत्या, जेवढ्या दिसल्या तेवढ्या. म्हणजे त्यांना कळत होतं. तिचं गुपचूप दुरुस्त करणंही, मालकांचा चहाही, सगळंच.

एक मात्र राहिली होती. महागुरूने पाठीमागे घेतलेल्या हाताला सहा बोटं होती.

ती जिन्यावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून खाली आली, निळी पेन्सिल घेतली, गोल केला आणि पान मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

"वर जाऊन आलीस?" मास्तरांनी खिडकीकडे बघतच विचारलं.

"अर्ध्यापर्यंत."

"हं. किती सापडल्या?"

"एक. बाकीच्या तुम्हीच शोधल्यात."

"कुठली?"

"सहावं बोट."

कपातला चहा निवून गेला होता, तो मास्तरांनी तरी पिऊन टाकला. "ते मला दिसलं नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, आणि महागुरूच्या तोंडीही कधी घातलं नव्हतं.

थोड्या वेळाने उठले. "चल, वर जाऊ. पान घे. आणि मला हात दे, तो जिना मेला रोज पायऱ्या बदलतो."

मालकांपुढे पान टाकून मास्तर म्हणाले, "हे माझं. जसंच्या तसं. आता मालिका हिला दे."

मालकांनी पान लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "उत्तम आहे की," ते म्हणाले. "अडचण काय आहे?"

मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता खिडकीशेजारचं टेबल शाईचं आहे. सहा बोटांचं पान भिंतीवर तसंच आहे, तिनेच राहू दिलं. शिष्याने काय ठरवलं, ते त्या महिन्यात छापून आलं: तो मारतही नाही, जातही नाही, महागुरूशेजारी जाऊन उभा राहतो. वाचकांनी शिव्याशाप देणारी पत्रं पाठवली. मास्तर रोज येतात, खुर्चीत बसतात, आणि शाई तिचं पान झालं की त्यांच्या हातात देते, निळ्या पेन्सिलीसकट. पानात ती एक चूक पेरते. ठळक, डाव्या कोपऱ्यात, उजेडाच्या बाजूला. मास्तर मान तिरकी करतात, कागद डोळ्याजवळ नेतात, गोल करतात, आणि मग तिला असं काही सुनावतात की खालच्या छापखान्यात ऐकू जातं. "हो मास्तर," ती म्हणते.

परवा ते म्हणाले, "हल्ली फार सोप्या चुका करतेस. मला काय दूधपितं पोर समजलीस? जरा अवघड कर."

तिने पुढच्या पानात चूक जरा अवघड केली. अगदी जराशीच. मास्तर सकाळभर पान घेऊन बसले. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. शेवटी निळी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"या पानात चूक ठेवलीच नव्हती, मास्तर," शाई म्हणाली.

मास्तरांनी पान चाचपत तिच्याकडे सरकवलं.

"हं," ते म्हणाले.