किसन म्हणाला, ‘वाचतो’

महिना होत आला. किसनच्या सुनेचा फोन आला, “काका, दादा गेले.” मी विचारलं, कोणते दादा? कळलं होतं मला... पण माणूस असं लगेच कबूल करतो व्हय!

किसन लासूर स्टेशनचा, मी खुलताबादकडचा मेंढक्याचा पोर. तो शहरातल्या एका वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायचा, खळ लावून पुठ्ठ्यात बांधायचा. मी समोरच्या टॉकीजात मशीन चालवायचो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण पिच्चर मला कोणी शिकवू नये. पुस्तकावरनं काढलेला पिच्चर लागला की आमचं जुंपायचंच. तो म्हणायचा, “मर्दा, पुस्तकातली आई मला माझ्या आईसारखी दिसती. तुझ्या पडद्यावर सगळ्यांना एकच नटी.” मी म्हणायचो, “अन् तुझ्या पुस्तकात गाणं कुठंय? हजार माणूस एकदम रडतंय का?” तो हसायचा. “रडायला हजार माणूस कशाला लागतंय, गड्या?”

माझा रघू नऊ वर्षांचा होऊन तापानं गेला. तेराव्यानंतर कामावर गेलो, तर एका आजारी पोराचा पिच्चर लागलेला. शेवटी पोरगा बरा होतो, आईचं बोट धरून शाळेत जातो. दिवसाला चार खेळ. घरी बायको चुलीपाशी मुकी बसलेली, अन् मी तिथं चार-चारदा त्याला बरा होताना बघायचो... हा पिच्चरही पुस्तकावरनंच काढलेला. किसन दुपारच्या सुट्टीत ते पुस्तक मला वाचून दाखवू लागला. पोराचा आजार वाढत गेला तसा किसनचा आवाज बसत गेला. शेवटच्या पानाआधी त्यानं पुस्तक मिटलं.

मी त्याचं मनगट धरलं. “पोरगा वाचतो ना, किसन?”

त्यानं खळीचं भांडं जवळ ओढलं. “वाचतो,” म्हणाला. “शेवटपर्यंत वाचतो.”

मग काय, मी जन्मभर छाती काढून सांगितलं, त्या पुस्तकात अन् पिच्चरमधी काडीचा फरक नाय! शिकलेले लोक हसायचे. किसन कधी हसला नाय. त्या पुस्तकावरनं भांडलाही नाय. मला वाटलं, हरला.

किसनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या सुनेनं तेच पुस्तक माझ्या हातात दिलं. वाचनालयानं बाद केल्यावर त्यानं घरी आणून जपलेलं. शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं. किसनच्या हातनं असली चूक? शक्यच नाय. घरी ओलं फडकं लावून पान सोडवलं, अक्षराला अक्षर जुळवत अख्खी दुपार घातली. पोरगा अंथरुणात पडून आईला धडा वाचून दाखवतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मग पुस्तक छातीवर पडतं, अन् आई त्याचे पाय सरळ करती.

किसन खोटं बोलला नव्हता.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिला अक्षर येत नाय. पिच्चर तिनं कधी बघितला नाय, पण माझ्या तोंडून हजारदा ऐकलाय.

“काय लिवलंय हो? पोराचं काय व्हतं?”

“वाचतो,” मी म्हणालो, अन् तिला थोडी पिठाची खळ शिजवायला सांगितली.