पंचमी सरेपर्यंत

कॅलेंडरवर नागपंचमीच्या चौकटीत तिथी केव्हा संपते ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि ते वाचलं की मला पवनारच्या अलीकडचा आमचा गुरांचा कोठा आठवतो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. गाय नुकतीच व्याली होती, आणि सकाळी पाहतो तर वासराच्या पायाशी नाग वेटोळं करून बसलेला. शेतावर सालाने ठेवलेल्या सालदाराने काठी उचलली तशी काकू ओरडली, "आज नको रे बाप्पा! पंचमी हाय, आज तो देव हाय." पंचमीला घरात तळण नसतं, म्हणून मोठी लोखंडी कढई रिकामीच होती. सालदाराने ती अलगद नागावर पालथी घातली आणि वर पाटा ठेवला. काकूने कढईला हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या आणि हात जोडले, "माह्या वासराले सांभाळजो." मग काकांना म्हणाली, "पंचमी केव्हा सरते, पाहा बरं." काका पंचांग पाहून म्हणाले, "दुपारीच सरते." आम्ही शेणामुताच्या वासात बसून राहिलो. छपराचे टिनं तापले, कढई तापली, आतली फुसफुस हळूहळू थांबली. वेळ झाल्यावर सालदार म्हणाला, "लय गुमान झाला बाई. वावरात नेऊन सोडू काय?" काकू म्हणाली, "आता कायचा देव? सरली पंचमी. मार." कढई उचलली तेव्हा नागाने फणासुद्धा काढला नाही. त्याचं डोकं ठेचेपर्यंत वासरू आईला ढुसण्या देत दूध पीत होतं. दुसऱ्या दिवशी काकूने ती कढई राखेने लख्ख घासली आणि तिच्यात भजे तळले. आज पुन्हा पंचमी आहे; कॅलेंडर पाहून झालं, आणि मी स्वयंपाकघरात सांगून आलो, "उद्या भजे करजो."