कोरडा आवाज

ही गोष्ट मी देवापुढे उभी राहूनसुद्धा तोंडातून काढलेली नाही. मुळात बोलणेच कमी. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न होऊन पेडण्याहून मुळगावला आले, आणि चार माणसांत मान वर करून बोलणे काही जमले नाही. म्हणून लिहिते. वाचलेच कुणी तर माझे तोंड तरी दिसणार नाही.

यांनी विमान केले होते. हसू नका — खरेच केले होते. हे खाणीवरच्या ट्रकांचे मेकॅनिक. खाण बंद पडली, आणि रिकाम्या गॅरेजात बसून यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, कापड आणि दोन सिलिंडरचे इंजिन जोडून एका माणसापुरते विमान उभे केले. इंजिन जुळवायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली. जन्मभर ट्रकांपाशी राहून यांचे कान गेले होते. जाड आवाज कळायचा, बारीक नाही. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते, आणि यांना ते कुणाला कळू द्यायचेही नव्हते.

विमानाची शेपटी फणसाला बांधायची. हे आत बसून इंजिन वाढवायचे, मी बाजूला उभी. आवाज भरदार असला की हात वर. इंजिनाला पेट्रोल कमी पडले की तोच आवाज कोरडा होतो, आत तेलात मोहरी तडतडावी तसे बारीक वाजते — मग हात खाली. हात खाली दिसला की हे इंजिन बंद करून पेट्रोल सोडणारा पितळी जेट बदलायचे, आणि पुन्हा सुरू. एक शब्द बोलावा लागत नसे. ते दिवस मला फार आवडले. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडले.

खाणीच्या सपाटीवर हे दोनदा पुरुषभर उंच उडून उतरले. मग ठरले, उद्या सकाळी मोठी फेरी. आदल्या संध्याकाळी यांचे जुने सोबती आले. मी चहा घेऊन गेले तर एकजण म्हणाला, "वैनीनू, पयल्या फेरीक तुमीच बसतल्यात मा?" हे म्हणाले, "तिका कसलां विमान! चुलीर कढी उतू गेली ती कळली तरी पुरे." सगळे हसले. मग कुणी विचारले, इंजिन कुणी जुळवले? हे म्हणाले, "मीच. आपलो कान तयार आसा."

एवढेच. याहून मोठे काही नाही.

सकाळी थंडी होती. थंड हवेत इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, हे यांनीच मला शिकवलेले — आणि जेट बसवला होता दुपारच्या उन्हात. हे आत बसले, इंजिन वाढवले, माझ्याकडे पाहिले. आवाज कोरडा होता. मोहरी वाजत होती. मला स्पष्ट ऐकू आले.

मी हात वर केला.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगितले — माणसे जमली होती, मी बुजले, हात आपसूक गेला. पण हात आपसूक जातो का? मी तो नेला. यांना काही व्हावे असे मनात होते का? नाही. इंजिन जमिनीवरच बंद पडेल, सगळ्यांसमोर यांचे तोंड उतरेल — एवढेच हवे होते. पण विमान उठले. काजूच्या शेंड्यांवर गेले आणि आवाज एकदम तुटला.

यांच्या कमरेचे हाड मोडले. आता काठीशिवाय उठता येत नाही.

इस्पितळात, भेटायला आलेल्या त्याच सोबत्यांना यांनी सांगितले — माझे कान गेलेत, इंजिन हिने जुळवले होते. हिने हात वर केला म्हणजे आवाज बरोबरच होता, चूक माझ्या हातांची. सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले. मी पदर सारखा केला. तेव्हा बोलता आले असते. नंतरही रोज आले असते.

परवा शेजारच्याने कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, पंप आणला. "काका, जरा बघा मरे, सुरूच जायना." यांचा हात पंपाकडे गेला, आणि मागे आला. "माझ्या हातांचो भरवसो ना रे बाबा. डिचोलीक घेवन जा."

मी दारातच होते. पंप जड होता. दुसऱ्या बाजूने हात लावून मी तो त्याच्या रिक्षात चढवून दिला.