वरून चौथी हलगी

अण्णांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "स्टुडिओची किल्ली तुझ्याकडं हाय का? यांचं आधार कार्ड तितंच राहिलंय." मी म्हटलं, आहे. मग त्या म्हणाल्या, "अण्णा गेले सकाळी." त्याला आता दीड महिना झाला. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

शुक्रवार पेठेत चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत अण्णा लग्नाची, वाढदिवसाची, जत्रेची गाणी कॉम्प्युटरवर तयार करत. हलगी, ढोलक, व्हायोलिन यांचे आवाज वेगवेगळ्या कंपन्या रेकॉर्ड करून विकतात. इंग्रजी नावांचे असे कितीतरी संच त्यांनी जमवले होते. ते नीट लावायला मी तिथे कामाला लागले. काम आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. "ही आमची इंग्लिश मॅडम," ते गिऱ्हाइकांना सांगत. "लई हुशार हाय. फक्त तोंड उघडायचे पैसे वेगळे घेते."

महिन्याभरात मी सगळी यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली. अण्णांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि "झकास" म्हणाले. त्यानंतर मात्र त्यांचं काम मंदावलं. "मॅडम, तेवढी हलगी काढून द्या की. चष्मा घरी राहिला." मी काढून देत असे. चष्म्याच्या दुकानावर बसणारा माणूस रोज चष्मा विसरतो आणि मराठी पेपर मात्र पूर्ण वाचतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मंद्रूपच्या एका पार्टीने उशीर होतोय म्हणून गाणं दुसरीकडे दिलं, तेव्हाही आलं नाही.

एका दुपारी मी जेवून लवकर परतले. दार उघडं होतं. अण्णा यादीतला एकेक आवाज वाजवून बघत होते... पियानो, बासरी, काहीतरी घंटेसारखं. हलगी सापडेना तसे पुन्हा वरून सुरू करत. चष्मा नाकावर होता. मी जिन्यातच थांबले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं ते आवाज जागेवरून ओळखत आले होते आणि ती जागाच मी मोडली होती.

मी दोन पायऱ्या खाली गेले आणि चपला वाजवत परत वर आले. जुन्या हार्ड डिस्कवर पहिली यादी होती. संध्याकाळी अण्णा घरी गेल्यावर मी सगळं होतं तसं लावलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काहीतरी बिघडलं वाटतं, अण्णा. जुनीच यादी परत आली." त्यांचा हात थेट हलगीवर गेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉम्प्युटर शहाणा हाय." पुन्हा तो विषय निघाला नाही.

हे लिहू का, म्हणून मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. सातवीत शाळा सुटली, मागावर बसले. त्यात लपवायसारखं काय हाय? लपवायचं होतं ते त्यांनाच."

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर न्यायला अण्णांचे भाचे आले. यादी पाहून हसले. "हलगीच्या खाली पियानो? एबीसीडीप्रमाणे लावून द्या की, ताई." मी लावून दिली. त्याआधी जुनी यादी सगळ्या आवाजांसकट माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली.

मी गाणी करत नाही. तरी कधीतरी ती यादी उघडते. नावं वाचत नाही, वरून मोजते... चौथ्यावर बोट ठेवलं की हलगी वाजते.