पळत्या पट्टीतली तारीख

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय जवळ आला की चष्मा शोधायच्या निमित्तानं उठून जायचो. आता सांगतोय, कारण माझ्यामुळे जिच्यावर दोष आला ती बाई आजही तो दोष स्वतःचाच समजते. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

वसमतला माझा छापखाना होता. नव्वदच्या दशकात मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. पत्रिका छापणाऱ्याला अक्षरांपेक्षा माणसं जास्त सांभाळावी लागतात. कुणाच्या नावाआधी 'मा.' लावायचं, कुठला मामा कुठल्या मामाच्या वर, सरपंच आधी की चेअरमन. एखादं नाव एक ओळ खाली गेलं तर लोक गठ्ठा परत आणून टेबलावर आपटत. मुहूर्त मात्र नावांच्या गर्दीत कुठंतरी बारीक अक्षरात असायचा आणि त्याची तक्रार कधी आली नाही. लग्न कधी आहे ते गावाला तोंडीच ठाऊक असायचं. पत्रिका हातात घ्यायची ती आपलं नाव कुठं आहे ते बघायला.

दोन हजार सालानंतर मी नांदेडला जाऊन वेबसाइट बनवायचं शिकून आलो. शिकलो म्हणजे बटणं कुठली दाबायची तेवढं. हिंगोलीकडच्या एका संस्थेची सगळी छपाई माझ्याकडे होती. त्यांचं मुलींचं नर्सिंग विद्यालय होतं. वेबसाइट मीच त्यांच्या गळी उतरवली. "पत्रं पाठवायची कटकटच संपली," मी म्हणालो, "पोरी नेटवर बघतील." त्यांनी त्या वर्षापासून खरोखरच पत्रं बंद केली.

आणि मी काय केलं, तर लग्नपत्रिका उचलून पडद्यावर ठेवली. सगळ्यात वर संस्थापकांचा मोठा फोटो, मग अध्यक्ष, सचिव, सगळे संचालक. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं. कोपऱ्यात हलणारी समई. भेट देणाऱ्यांचा आकडाही ठेवला होता आणि त्यातल्या बहुतेक भेटी माझ्याच होत्या. रिकामी जागा मला बघवत नसे, छापखान्यात रिकामी जागा म्हणजे वाया गेलेला कागद. पोरी ज्यासाठी येणार तो 'प्रवेश' हा शब्द डाव्या बाजूला, बारीक. दाबायचा आहे असं तो कुठूनही दिसत नव्हता. आणि तळाशी सूचनांची पळती पट्टी.

आमच्या छपाईचा फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसला की मराठीच्या जागी किडे-मुंग्या दिसत. म्हणून पट्टीतला मजकूर मी चित्र करून टाकायचो. चित्र जड. माझ्याकडे सगळं आधीच साठवलेलं असल्यानं पान झटकन उघडायचं. पोरी जिथं जाऊन बघणार त्या जवळा बाजार गावच्या नेट कॅफेत ते कसं उघडतं, हे मी एकदाही जाऊन बघितलं नाही. पुढं गेलो तेव्हा बघितलं. संस्थापकांचं कपाळ आलं, मग भुवया, मग मिशी. अध्यक्ष उतरेपर्यंत लाइट गेली. पट्टीपर्यंत पान पोचलंच नाही. जो बघणार आहे त्याच्या खुर्चीत आधी आपण बसावं, एवढी साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती आणि मलाही सुचली नव्हती.

प्रवेशाचं पान मात्र हलकं होतं, लगेच उघडायचं. त्यावर मुलाखतीची तारीख होती वीस.

एके दिवशी संस्थेच्या कारकुनाचा फोन आला. मुलाखत तीन दिवस अलीकडं आणली होती, सतराला. त्याच तासात एका संचालकाचा फोन. "माझा फोटू तिसरा काहून हो? मी काय संस्थेत चहा द्यायला हाय का?" मी सतरा तारीख घाईनं पट्टीत टाकली आणि दुपारभर फोटोंची रांग लावत बसलो. प्रवेशाच्या पानावर वीसच राहिली. विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तेही खोटं. उद्या करू म्हणालो होतो.

सिद्धेश्वर धरणाकडच्या एका तांड्याचे नाईक माझे जुने गिऱ्हाईक. तांड्यातल्या सगळ्या पत्रिका ते माझ्याकडेच आणत. त्यांची मुलगी बारावी झालेली, नर्स व्हायचं म्हणून बापाशी भांडून अर्ज भरलेला. वीस तारखेला दोघं विद्यालयात गेले तर मुलाखती होऊन गेलेल्या. तिथून एसटीनं सरळ माझ्याकडे आले.

"भाऊ, हे लेकरू सांगून राहिलं, नेटवर वीस तारीख व्हती. तिकडं ते बाबू म्हनतेत सतरा. तुमीच बनवलं ना ते? जरा बराबर बघून सांगा."

"मी हातावर लिवून आणली व्हती, काका," मुलगी म्हणाली. "प्रवेशाच्या पानावर वीसच हाय."

"बाबू म्हनले," नाईक सांगत होते, "वेबसाइटवाला चूक झाली म्हनला, तर सायबाला इचारून एक जागा बघू."

म्हणजे मी एक फोन करायचा होता. पण तो केला तर संस्थेची छपाई जाणार, आणि गावभर होणार की याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.

"बसा नाईक, चहा सांगतो," मी म्हणालो. पडदा माझ्या बाजूला होता. पान उघडलं. वीस. मी ती खोडून सतरा केली आणि पान वर चढवायला लावलं. नेट मंद होतं. मी धरणाच्या पाण्याचं विचारलं, हळदीचं विचारलं. ते गरम चहा बशीत ओतून फुंकत होते आणि माझ्या पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू भरत होती. भरली, तसा मी मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला.

"बघा. सतरा."

मुलगी अगदी काचेला नाक लागेल इतकी वाकली. "तवा वीस व्हती," ती म्हणाली.

"बाई, छापलेलं कुठं बदलतं का?" मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो. कागदावर चूक झाली तर ती शंभर घरांत पडून राहते, मला तोंड लपवायला जागा नसते. इथं एका चहाच्या वेळात ती नाहीशी झाली होती.

नाईक मुलीकडे वळले. "आपल्या तांड्याची एक पत्रिका या माणसाकडून चुकली न्हाई आजपर्यंत. अन् तुला एक तारीख वाचता येईना? मोठी नर्स व्हायला निघाली!" मग माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा भाऊ, तुमाला उगी तकलीफ दिली."

माफी त्यांनी मागितली. मी "असू द्या, असू द्या" म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात ते तिच्याच लग्नाची पत्रिका छापायला आले. नवऱ्या मुलाच्या नावापुढं कंसात शिक्षण होतं. "मुलीच्या पुढं काय लिहू? बारावी?" मी विचारलं. "काही नका लिवू," ते म्हणाले, "वाचता येत न्हाई तिला." हसले. मीही हसलो. नावांची रांग मी अशी लावली की कुणाला बोट ठेवता येऊ नये. ते आणखी काही वर्षं येत राहिले आणि मुलीबद्दल तेच मत घेऊन वारले.

गेल्या वर्षी वसमतच्या बसस्थानकावर ती दिसली. सोबत तिची मुलगी, मोबाइलवर कसलासा अर्ज बघत होती. तिनं मला ओळखलं. "बरं हाय का, काका?" मग मुलीला म्हणाली, "खालपर्यंत बघ माय. समदी पानं बघ. मी बघितली न्हाई नीट, तारीख चुकले, अन् बसले घरी."

"काय आई, साधी तारीख?" मुलगी म्हणाली.

"व्हय, साधी तारीख," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि विचारलं, "कुठं निघालात?" औंढ्याची एसटी लागली. त्या चढल्या.

माणूस ज्यासाठी आला ते त्याला सगळ्यात आधी, मोठ्या अक्षरात दिसावं, वर कुणाची नावं नसावीत. हे मला आता समजतं, आणि तरी इथंही मी ते तळाशीच ठेवलं. त्या दिवशी बोलायचं होतं ते एवढंच: बाई, तू बराबर वाचलं होतंस. तिथं वीसच होती. तुमच्या हातात चहा होता तेव्हा ती मी बदलली. तुझ्या वडिलांना हे मी सांगायला हवं होतं. मला माफ कर.