हाल्मनींची कॅसेट

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे — तेही माझ्या सोयीचं अर्धं. पूर्ण तुम्हालाच सांगतेय.

जर्सी सिटीत आमच्या खालच्या मजल्यावर एक कोरियन आजी राहायच्या. आम्ही त्यांना हाल्मनी म्हणायचो, म्हणजे त्यांच्या भाषेत आजीच. डेकेअरमध्ये रडून रडून निळी पडणारी माझी इरा त्यांनी पाठीला बांधली की गप्प! त्यांच्या जिवावर मी ऑफिसला पळायचे.

कोरियातल्या लढाईत लहानपणी त्या वडिलांबरोबर उत्तरेतून दक्षिणेला निघाल्या. धाकटी बहीण तापाने फणफणलेली, म्हणून ती आईपाशी राहिली. चार दिवसांत परत येऊ, असं वडील म्हणाले होते. मग दोन्ही कोरियांमधली सीमाच बंद झाली, आणि म्हातारपण आलं तरी फोन नाही, पत्र नाही. विचार करा — साधं पत्रसुद्धा नाही! शेवटी त्यांच्या चर्चमधल्या एका गृहस्थांनी बहिणीचा पत्ता काढला. ते औषधं घेऊन उत्तरेत जाणार होते, तिला भेटणार होते, आणि त्यांच्या कॅमेऱ्यावर तिला हाल्मनींचा रेकॉर्ड केलेला निरोप दाखवता येणार होता. आमच्याकडे हँडीकॅम होता. मी म्हटलं, मी करते ना शूट, त्यात काय!

हाल्मनी रेशमी पोशाख घालून बसल्या आणि अख्खी कॅसेटभर बोलल्या. मला एक शब्द कळत नव्हता, तरी रडू आलं. कॅसेट कॅमेऱ्यातच राहिली.

आणि रविवारी इराचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. बोरं मिळेनात म्हणून चुरमुऱ्यांत मार्शमेलो. इराला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? हाल्मनीच. डोक्यावरून चुरमुरे पडतायत, पोरं झोंबतायत, त्या खळखळून हसतायत — आणि माझा नवरा ते शूट करतोय. त्याच कॅसेटवर.

पाहुणे गेल्यावर टीव्हीला जोडून बघितलं, तर हाल्मनींच्या निरोपावरच बोरन्हाण रेकॉर्ड झालेलं. नवऱ्याला माहीत आहे ते इथवर. मी हाल्मनींना सांगते, पुन्हा शूट करते, असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

ते गृहस्थ निघायला अजून दोन दिवस होते. जिना उतरायचा, दार वाजवायचं, सॉरी म्हणायचं. एवढंच तर होतं! का नाही गेले मी? त्या चिडतील, इराला ठेवून घेणार नाहीत, मग सोमवारी माझं काय? — मला माझंच पडलं होतं.

आता ते दुसरं अर्धं... बोरन्हाणानंतर कॅसेटवर शेवटचा तुकडा शिल्लक होता. त्यात हाल्मनी बाही वर करून मनगटावरची भाजल्याची खूण दाखवत होत्या. लहानपणी गरम पेजेचं भांडं त्या बहिणीच्याच हातून कलंडलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलेलं. म्हणजे तो तुकडा काय आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढाच राहिला असता तर बाकीच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड झालंय, आणि तेही आमच्याच घरी, हे उघड झालं असतं. म्हणून मी लेन्सला झाकण लावलं, कॅमेरा उशांत गुंडाळला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता अंधार रेकॉर्ड केला, आणि तीच कॅसेट त्या गृहस्थांच्या हाती दिली. अहो, याला काय चूक म्हणतात?

ते गृहस्थ परत आले. बहिणीने काळा पडदा शेवटपर्यंत बघितला म्हणे. मग म्हणाली, माझी ताई मेली असणार. जिवंत असती तर तिने मला हात दाखवला असता. आणि उठून निघून गेली. पुढच्या वेळी ते गेले, तेव्हा ती या जगात नव्हती.

सीमेवर कुणीतरी टेप पुसली, असं हाल्मनींना वाटलं. त्यांनी मला विचारलं, तसंच झालं असेल ना? मी डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "येस, दे मस्ट हॅव इरेज्ड इट."

त्या ऊर बडवून रडल्या. जरा सावरल्यावर माझे हात धरले आणि माझीच माफी मागितली — मी एवढी मेहनत घेतली आणि ती वाया गेली म्हणून. मी म्हटलं, इट्स ओके.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी इराला त्यांच्याकडे सोडली, थँक्यू म्हटलं आणि ट्रेन पकडली.